स्टेशनजवळचा नर्सिंगचा क्लास: तीन स्टार, त्यातले दोन एकट्या सरांचे

क्लासचं नाव लिहीत नाही. माझे सहा हजार रुपये अजून त्यांच्याकडे अडकलेत, नाव घेतलं तर रिव्ह्यू कमी आणि भांडण जास्त होईल. शिवाय ठाणे पश्चिमेला असले बोर्ड काही कमी नाहीत. मी जे सांगतेय ते थोड्याफार फरकाने त्यातल्या कुठल्याही दाराला चिकटवा, चालून जाईल.

मी बी.एस्सी. नर्सिंग, 2017 ची ॲडमिशन. राहायला कळव्याला, नोकरी नवी मुंबईत एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत. जून 2024 मध्ये शनिवार-रविवारची बॅच लावली, मार्च 2025 ला संपली. फी 26,000, दोन हप्त्यांत. त्यात नॉर्सेटची तयारी, म्हणजे एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा, टेस्ट सिरीज आणि छापील नोट्स. नऊ महिने माझा वीकली ऑफ या क्लासने खाल्ला, तेव्हा मला लिहायचा अधिकार आहे असं मी समजते.

जागा आधी. स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलाखालून रिक्षांच्या रांगेतून वाट काढत निघालात की सात मिनिटं. खाली साड्यांचं दुकान, वर डेंटिस्ट, त्याच्या वर क्लास. लिफ्ट आहे, पण रविवारी बंद, कारण वॉचमनला सुट्टी आणि चावी त्याच्याकडे. नाइट करून थेट क्लासला येणाऱ्या मुलींना त्या जिन्याची किंमत विचारा. एसी चालतो. पाणी ठीक. टॉयलेट एक, त्याचीही चावी शिपाईकाकांच्या खिशात. चार्जिंगचे पॉइंट दोन आणि मोबाईल चाळीस.

हॉल मुळात एकच, मध्ये प्लायचं पार्टिशन घालून त्याचे दोन केलेत. इकडे नॉर्सेट, तिकडे जर्मन. प्लाय पातळ आहे. आम्ही इकडे डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची टॉक्सिसिटी करतोय आणि पलीकडून पंचवीस मुली एका सुरात डेअर, डी, दास म्हणतायत, असं नऊ महिने चाललं.

आता काउन्सेलिंग. खरा माल इथेच विकला जातो. समोर एक मॅडम, हातात टॅब, टेबलावर लॅमिनेट केलेली तीन कार्डं: एम्स, गल्फ, जर्मनी. मी नाव सांगितलं, पास झाल्याचं वर्ष सांगितलं 2021, तशा त्या एकदम खुलल्या.

"म्हणजे तुम्ही कोविड बॅच! मग तुम्हाला कशाची भीती? कोविडनंतर नर्सला जगात केवढी मागणी आहे माहितीये ना?"

मी दचकले. कारण "कोविड बॅच" हा शब्द मी त्याआधी तीन वर्षं ऐकत होते, पण वेगळ्या सुरात. पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मी लावलेला आयव्ही कॅन्युला, म्हणजे सलाइनची नळी, दुसऱ्यांदा फुगला, तेव्हा इनचार्ज सिस्टर शेजारच्या सिस्टरला म्हणाल्या होत्या, "जाऊ दे गं, कोविड बॅच आहे." म्हणजे हाताला वळण नाही, घरी बसून पास झालेली. तोच शब्द इथे कार्डासारखा लॅमिनेट करून माझ्यापुढे ठेवला होता.

आणि गंमत अशी की दोघींचंही खोटं नव्हतं.

मार्च 2020 ला मी तिसऱ्या वर्षाला होते. सकाळी हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं, संध्याकाळी बाबा रिक्षा घेऊन आले आणि गादीसकट मला घेऊन गेले. वॉर्ड पोस्टिंग बंद. कॅथेटर कसा टाकायचा ते मी मोबाईलवर बघितलं, आणि मॅडमचा आवाज मध्येच तुटायचा, नेमका महत्त्वाच्या ठिकाणी. केसबुकात प्रसूतीच्या केसेस भरायच्या राहिल्या. त्यात ते वर्ष म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेलं परिचारिका आणि सुईणींचं आंतरराष्ट्रीय वर्ष! फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला 200 वर्षं झाली म्हणून. 12 मेला कॉलेजात मोठा दिव्यांचा कार्यक्रम ठरला होता. तो झूमवर झाला. आईने देवघरातलं निरांजन काढून दिलं. मी ते कॅमेऱ्यासमोर धरून शपथ म्हटली, आणि मागे भाऊ उघड्या अंगाने पाणी प्यायला फ्रिजपाशी आला तो सगळ्या बॅचने बघितला. थाळ्या, दिवे, फुलं यावर सगळ्यांचं लिहून झालंय, मी त्यात भर घालत नाही. माझ्या आठवणीत ते एक निरांजन आणि तो फ्रिज आहे.

मग वर्षभराने एकदम उलटं. 3 मे 2021 ला केंद्राने जाहीर केलं की बी.एस्सी. आणि जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या नर्सना पूर्णवेळ कोविड ड्यूटीला घ्यावं, शेवटच्या परीक्षेची वाट बघणाऱ्या विद्यार्थिनींनाही सीनियरच्या देखरेखीखाली लावता येईल, आणि जे 100 दिवस पूर्ण करतील त्यांना सन्मान आणि पुढच्या सरकारी भरतीत प्राधान्य. आमची परीक्षा लांबलेलीच होती. मी गेले. देशसेवा वगैरे मनात होतं का? थोडं असेल. जास्त होतं ते बाबांच्या रिक्षाचं. ती वर्षभर अर्धी उभीच होती आणि ड्यूटीचे पैसे मिळणार होते.

ज्या मुलीने बाईच्या हातात नीट सुई टोचायची सवय केली नव्हती ती थेट अशा हॉलमध्ये उभी राहिली जिथे पलंगांच्या रांगा दुसऱ्या टोकाला लहान लहान होत जातात. पीपीई चढवल्यावर सगळे सारखे, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचं. पेशंटला आमचा चेहरा कधीच दिसला नाही. ते पाठ वाचून हाक मारायचे. सहा तासांनी ग्लोव्हज काढले की बोटं अशी झालेली असायची, जशी आईची गोधड्या धुतल्यावर होतात.

तर अशी कोविड बॅच. जे शिकायला हवं होतं ते निम्मं राहिलं, आणि जे कुठल्या पुस्तकात नव्हतं ते बघून झालं.

काउन्सेलर मॅडमकडे परत येते. मी 100 दिवसांचं सर्टिफिकेट दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अरे वा, याचे तर तुम्हाला पाच मार्क जास्त मिळतील!" कुठे, कोण देणार, ते नाही सांगितलं. पहिल्याच रविवारी सरांनी फळ्यावर लिहून दिलं: नॉर्सेट, कॉम्प्युटरवरची परीक्षा, मेरिट त्या गुणांवर. प्रिलिम्सला 100 प्रश्न, 90 मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. "सर्टिफिकेट फाईलला ठेवा, डोक्यात अँटिडोट ठेवा," म्हणाले. ॲडमिशन घेताना एक बोलायचं आणि वर्गात दुसरं, हा या क्लासचा पहिला दोष. अर्धा स्टार तिथे गेला.

दुसरा दोष म्हणजे माझे सहा हजार. त्या तिसऱ्या कार्डाने मला पकडलं, हे कबूल करते. जर्मनीचं कार्ड फार चांगलं बनवलंय, बर्फ, बाग, निळ्या ड्रेसमधली हसरी सिस्टर. मॅडम म्हणाल्या की नॉर्सेटवाल्यांना जर्मनचं रजिस्ट्रेशन फक्त सहा हजारात, सीट धरून ठेवतो, नको वाटलं तर पैसे परत. मी गुगल पे केलं. दोन महिन्यांनी नको वाटलं. तेव्हापासून "अकाउंट्सचे सर आले की करतो" हे ऐकतेय. ते सर अस्तित्वात आहेत का, हाच आता प्रश्न आहे. पावती घ्या, आणि "परत" हा शब्द पावतीवर लिहून घ्या, एवढंच सांगेन.

पण नको का वाटलं? जर्मनीत काही खोट आहे म्हणून नाही. तिकडे पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-2 लेव्हलची भाषा लागते, तोपर्यंत मदतनीसाचं काम. हे प्लायपलीकडच्या जर्मनच्या मॅडम फार स्वच्छ सांगायच्या, काउन्सेलर अगदी बारीक आवाजात. 2024 मध्येच महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वडे तळणाऱ्या काकाही विचारतात, "सिस्टर, जर्मनी का?" माझ्या कॉलेजच्या बॅचच्या दोघी तिकडे गेल्या, खुशीत आहेत. माझं कारण घरचं आहे. मी 2021 ला ड्यूटीवर असताना आई पॉझिटिव्ह झाली. बारा दिवस दुसऱ्या सेंटरला होती, ऑक्सिजनवर. मी माझ्या रांगेतल्या बायकांची वेणी घालून देत होते आणि तिची कोण घालतंय मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर तिने सांगितलं, नांदेडकडची एक मुलगी होती, पाठीवर नाव लिहिलेलं, पण माझा चष्मा घरी राहिला होता. त्या मुलीचं नाव आम्हाला अजून माहीत नाही. तर ते बर्फाचं कार्ड बघितलं की मला तो चष्मा आठवायचा. हे कारण दुसऱ्या कुणाला लागू नाही, आणि कुणी मला यावरून "किती गुणी मुलगी" म्हणू नये. पगाराचा हिशेब केला तर मी मूर्ख आहे.

माझ्या बॅचच्या मुली कुठे कुठे पांगल्या ते बघितलं की मला एक गोष्ट दिसते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आम्ही रात्री हॉस्टेलच्या गॅलरीत बोलायचो तेव्हा प्रश्न असायचा: ओटी की आयसीयू की लेबर रूम? कुणाला बाळांचं वेड, कुणाला सर्जरीचं. कोविडनंतर तो प्रश्नच कुणी विचारेना. आता पहिला प्रश्न: पर्मनंट का कॉन्ट्रॅक्ट? दुसरा: काही झालं तर घरच्यांना काय मिळतं? 2020 च्या मार्चमध्ये सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांच्या विम्याची योजना जाहीर केली, तेव्हा आम्ही वीस-एकवीस वर्षांच्या मुली हॉस्टेलच्या ग्रुपवर त्या फॉर्मबद्दल बोलत होतो, नॉमिनी कोण लावायचं. ज्या वयात पहिला नॉमिनी लिहिला जातो त्या वयात करिअर वॉर्डावरून ठरत नाही. एक जण नर्सिंग सोडून बँकेच्या परीक्षेला लागली आणि आज कल्याणला कॅशियर आहे. तिला विचारलं तर म्हणते, "इथे कोणी मरत नाही." एक मुरबाडकडे सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, झाली, उपकेंद्रावर, 25 हजार पगार आणि वर कामाप्रमाणे 15 हजारांपर्यंत, पण कॉन्ट्रॅक्ट. एक शिकवायला गेली. एकीने लग्नानंतर नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यूच केलं नाही. आणि आम्ही उरलेल्या, दिवसा-रात्रीच्या शिफ्टमधून वेळ काढून असल्या जिन्यांवर.

हीच भूक हे क्लास ओळखतात. माझा मुद्दा तो आहे. यांना नर्सिंग विकायचं नसतं, ते तुमच्याकडे आहेच. यांना "पर्मनंट" विकायचं असतं. एकदा हे कळलं की कुठल्या कार्डावर पैसे टाकायचे ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

आता चांगलं. चांगलं म्हणजे सर.

सर स्वतः ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. वीसेक वर्षं सरकारी हॉस्पिटलात काढून बाहेर पडलेले, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात अजूनही तीन रंगांची पेनं. मेड-सर्ज (मेडिकल-सर्जिकल नर्सिंग) आणि फार्मा (औषधशास्त्र) तेच घेतात. क्लासने सगळे विषय "लाइव्ह" म्हणून सांगितले होते, प्रत्यक्षात कम्युनिटी आणि सायकियाट्रीला स्क्रीनवर कुणीतरी हिंदीतून रेकॉर्ड केलेला माणूस भराभर बोलतो आणि दर दहा मिनिटांनी "लिख लो, लिख लो" म्हणतो. तिथे मी डुलक्या काढल्या. सरांच्या तासाला कधीच नाही.

एक रविवार सांगते. ऑक्सिजन थेरपी चालू होती. सरांनी गणित घातलं: जम्बो सिलिंडर, 7,000 लिटर, पेशंट एनआरबीएमवर (पिशवीचा ऑक्सिजन मास्क), मिनिटाला 15 लिटर. किती वेळ पुरेल? वर्गात पेनं चालू झाली. मी, माझ्या शेजारी बसणारी शहापूरची मुलगी, मागच्या बाकावरचे दोन ब्रदर, आणखी पाच-सहा जण, आमची पेनं हललीच नाहीत. मी म्हटलं, "पावणेआठ तास. पण सर, सातलाच बदलायला सांगायचा."

"का?"

"आणायला माणूस एकच असतो."

सर थांबले. फळ्यावर 60 लिहिलं, नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनचा आकडा. "एचएफएनसी. सगळा ऑक्सिजनच धरा."

मागून ब्रदर म्हणाला, "दोन तास पण नाही." 7,000 भागिले 60, म्हणजे एक तास छप्पन्न मिनिटं. त्याने भागाकार केला नव्हता. त्याने ते जगून ठेवलं होतं, एप्रिल 2021 च्या कुठल्यातरी रात्री, गेजच्या काट्याकडे बघत. आमच्यात जे त्या वेळी ड्यूटीवर होते त्यांना सगळ्या सिलिंडरांचे पाढे पाठ होते, आणि जे तेव्हा शाळा-कॉलेजात होते ते खाली मान घालून भागाकार करत होते. एकाच वर्गात दोन वर्ग. पलीकडून त्या वेळी कुठला तरी जर्मन धडा चालू होता, तोही मला स्पष्ट ऐकू येत होता, इतकी शांतता झाली होती.

सर भाषण देतील असं वाटलं. नाही दिलं. म्हणाले, "ज्यांना येतं त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना शिकवा," आणि खाली चहाला निघून गेले. वीस मिनिटं आम्ही शिकवलं. परीक्षेला असा प्रश्न येतो, तो हमखास सुटतो. पण त्या वीस मिनिटांसाठी मी एक स्टार देते.

दुसरा स्टार सरांच्या फाटे फोडण्याच्या सवयीला. अभ्यासक्रमात नसलेलं सांगायचे. खाजगी नर्सच्या पगाराबद्दल सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून समिती नेमली गेली होती, 2016 मध्ये, हे मला इथे कळलं. आठ वर्षं नर्सिंगमध्ये घालवून. त्या समितीच्या शिफारशी सरांनी फळ्यावर मांडल्या: 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, 100 ते 200 ला त्याहून 10 टक्के कमी, 50 ते 100 ला 25 टक्के कमी, आणि 50 च्या खाली असेल तरी 20,000 च्या खाली नको. मी माझी पहिली सॅलरी आठवली. 16,500, आणि त्यातून युनिफॉर्मचे कापलेले. वर्गात कोणीतरी हळूच विचारलं, "सर, हे देतात कुठे?" सर म्हणाले, "म्हणून तर तुम्ही रविवारी इथे बसलाय." नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार, लेव्हल सात, 44,900. तो आकडा त्यांनी पुसला नाही, तास संपेपर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात ठेवला. मार्केटिंग म्हणा, पण प्रामाणिक मार्केटिंग.

बॅचमधल्या लोकांबद्दल लिहिलं नाही तर रिव्ह्यू अर्धवट राहील, कारण 26 हजारांतले दहा हजार मी त्यांच्यासाठी दिले असं धरते. शहापूरची ती मुलगी जीएनएम. बाराशे प्रश्नांची वही तिने स्वतः केली होती, आसनगाव लोकलमध्ये उभ्याने. 2021 मध्ये एका सरकारी भरतीची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली तेव्हा ती हॉल तिकीट घेऊन नाशिकला लॉजवर पोहोचली होती. "लॉजवाल्याने अर्धे पैसे परत दिले," हे ती एवढ्या कौतुकाने सांगते की मला माझे सहा हजार आठवतात. जीएनएमवाल्यांना नॉर्सेटसाठी किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिचा निम्मा अनुभव 30 खाटांच्या नर्सिंग होमचा निघाला. हे ॲडमिशनच्या वेळी तिला कुणी विचारलंच नाही, चौथ्या महिन्यात सरांनी विचारलं. जीएनएम असाल तर हे आधी तपासा, मग खिशात हात घाला. मागच्या बाकावरच्या ब्रदरांचं दुखणं वेगळं. एम्सच्या जागांत 80 टक्के महिला आणि 20 टक्के पुरुष, त्यामुळे त्यांचा अभ्यास आमच्या दीडपट आणि त्यांचे टोमणे दुप्पट.

आणि एक होती अगदी लहान, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, ऐरोलीची. तिला एवढ्यात या क्लासची काही गरज नव्हती, काउन्सेलरने "फाउंडेशन" म्हणून घेतली होती (हा तिसरा दोष मोजा). ती 2021 ची दहावी, म्हणजे परीक्षा न देता पास झालेली बॅच. तीही एका अर्थाने कोविड बॅचच. मी तिला विचारलं, "तू का गं आलीस नर्सिंगला? आम्ही बाहेर पडायचे रस्ते शोधतोय." तिने सांगितलं की तिचे आजोबा वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये होते, कोविड सेंटर होतं तेव्हा. रोज संध्याकाळी एक सिस्टर स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायची. "आजोबांपेक्षा तिचंच जास्त दिसायचं, म्हणजे ते प्लास्टिक आणि धुरकट चष्मा," ती म्हणाली. "ती रोज आधी विचारायची, जेवलात का सगळे? आम्हाला विचारायची, आजोबांना नाही." आजोबा वाचले नाहीत. पोरगी नर्सिंगची सीईटी देऊन आली.

मी तिला काही बोलले नाही. तिला सिलिंडरचं गणित मी शिकवलं, एवढंच. पण माझं सगळं गणित, की त्या दोन वर्षांनी मुलींना या धंद्यापासून तोडलं, तिने एका वाक्यात विस्कटून टाकलं. जे संकट मला नॉमिनीच्या रकान्यापाशी घेऊन गेलं तेच तिला कॉलेजच्या गेटपाशी घेऊन आलं. अर्थात तिला अजून 16,500 ची स्लिप मिळायची आहे.

राहिलेलं पटकन. टेस्ट सिरीज चांगली, प्रश्नांची पातळी खऱ्या परीक्षेच्या जवळची, पण ॲप दर तिसऱ्या रविवारी लटकतं. नोट्समध्ये मायक्रोच्या पानांवर प्रिंट दोनदा, बालरोगाची सोळा पानं गायब. सगळ्यात मोठी उणीव: एम्सच्या नादात राज्याच्या भरतीकडे पूर्ण दुर्लक्ष. आपल्याकडच्या अधिपरिचारिकेच्या परीक्षेला मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन हे सगळं लागतं. ठाण्यात बसून मराठी मुलींना शिकवणाऱ्या क्लासने समास आणि प्रयोग एकदाही काढले नाहीत! ते मी शहापूरच्या मुलीकडून शिकले, तिच्या वहीतून, पायऱ्यांवर बसून.

निकाल विचारणारच, म्हणून सांगते. पहिल्यांदा प्रिलिम्सलाच गेले. दुसऱ्यांदा प्रिलिम्स निघाली, मेन्सला राहिले. त्यात क्लासचा दोष नाही, त्या आठवड्यात मला चार नाइट लागल्या होत्या. आता पूर्ण बॅच नाही, नुसती टेस्ट सिरीज घेतलीये, 3,500 ची, आणि राज्याच्या भरतीचा फॉर्म भरलाय. एम्स लांब पडलं तरी चालेल, जिल्ह्यात मिळालं तर आईला जास्त आवडेल.

घ्यायचाच असेल तर शनिवार-रविवारची बॅच घ्या, रोजच्या संध्याकाळच्या बॅचला सर नसतात. फीचा दुसरा हप्ता सरांचं वेळापत्रक हातात पडल्याशिवाय देऊ नका. सकाळी खालच्या टपरीवर चहा घेऊनच चढा, वर मशीनचा मिळतो तो कफ सिरप आहे. आणि बसायला खिडकीकडची बाजू पकडा. पार्टिशनला लागून बसलात तर माझं झालं तसं होईल. नऊ महिन्यांत मला ओआरएसमधल्या सोडियमचं प्रमाण तीनदा विसरायला झालं, पण क्रांकनहाउस म्हणजे हॉस्पिटल आणि क्रांकनश्वेस्टर म्हणजे नर्स हे झोपेतही सांगेन. श्वेस्टर म्हणजे बहीण. तिकडेही सिस्टरच म्हणायचे म्हणे. आता कागदोपत्री तो शब्द काढून प्फ्लेगेफाखफ्राउ असं काहीतरी लांबलचक केलंय, आपल्याकडे नर्सिंग ऑफिसर केलं तसं. जर्मनच्या मॅडम पोरींकडून तो शब्द पंधरा-पंधरा वेळा म्हणवून घ्यायच्या, आणि इकडे आमचा एक ब्रदर दर वेळी "गॉड ब्लेस यू" म्हणायचा.